बुडालेल्या माणसाचं नाव

मॅकदारा समुद्राला घाबरायचा. घाबरायचा म्हणजे अगदी तोंड पांढरंफटक पडेपर्यंत. आता आयर्लंडमधल्या कोनेमाराच्या किनाऱ्यावर, इनिश क्रोनसारख्या बेटावर जन्मलेल्या माणसानं समुद्राला भ्यावं यात नवल काहीच नाही. आम्ही सगळेच भितो, पोहता कुणालाच येत नाही, आणि त्याबद्दल कुणी बोलतही नाही. पण मॅकदाराची गोष्ट निराळी होती. जरा वारा वाढला, की बेटावरची कुठलीही होडी आधी त्याच्या दाराशी माणूस पाठवायची. "चल रे बाबा मॅकदारा, निघायचंय." कारण ज्या होडीत मॅकदारा बसलाय ती बुडत नाही, अशी अख्ख्या बेटाची खात्री होती.

हे सगळं त्या नावामुळे. कार्ना गावाबाहेर, मोठा समुद्र सुरू होतो तिथे, संत मॅकदाराचं बेट आहे. त्यावर त्याचं दगडी देवघर, बाकी सगळा खडक आणि गवत. संत तिथे राहिला त्याला चौदाशे वर्षं झाली म्हणतात. मॅकदारा म्हणजे दाराचा मुलगा, आणि दारा म्हणजे ओकाचं झाड. ओकाचा पोरगा! आमच्याकडे बघाल तर ओक सोडाच, कमरेएवढं झुडूप सापडायची मारामार. ओक आम्हाला भेटतो तो होडीच्या फासळ्यांत. खरं तर संताचं स्वतःचं नाव वेगळंच होतं, आणि त्याचा अर्थ कोल्हा. आता दर्यावर्दी माणूस होडीत त्या जनावराचं नाव काढत नाही. निघता निघता कुणी काढलंच, तर होडी पुन्हा बांधून घरी येऊन बसतो. मग संताला हाक तरी कशी मारायची? लोकांनी बापाच्या नावावरून मारली, आणि तीच पुढे पोरांना नाव म्हणून ठेवायला लागले. त्याच्या बेटावरून जाताना प्रत्येक होडी तीनदा शीड खाली घेते आणि तीनदा वर करते. होडीत मासळी असो, नवरी असो की मढं असो, संताला मुजरा केल्याशिवाय पुढे जायचं नाही.

नाही केला तर काय होतं, ते मॅकदाराच्याच घरानं दाखवलं होतं. त्याचा बाप कोलमन. एकदा शर्यत लागली, मागची होडी अगदी शेपटीशी आली, आणि कोलमननं शीड उतरवलं नाही. बेटाला वळसा घालताना होडी उलटली. तो गेला, सोबतचे दोघे गेले. त्याची बायको नॅपला तेव्हा पोटुशी होती. संताच्या जत्रेला ती तसंच पोट घेऊन त्या बेटावर गेली आणि देवघराच्या उंबऱ्यावर कपाळ टेकून म्हणाली, "मुलगा झाला तर तुझं नाव ठेवीन. पण हा मला ठेव."

आमच्यात पहिल्या मुलाला आज्याचं नाव जातं, आणि बाप गेल्यावर जन्मलेल्याला तर बापाचंच. नॅपलानं ते केलं नाही. नुसतं केलं नाही असं नाही, त्या दिवसापासून कोलमन हे नाव तिच्या घरात कुणी काढायचं नाही असा नेमच झाला. हळूहळू बेटावरही कुणी काढेना. आमच्याकडे माणूस ओळखला जातो बापाच्या नावानं, पण या पोराला सगळे म्हणायचे मॅकदारा नॅपला. आईचा. बाप जणू नव्हताच.

पुढे मॅकदारा मोठा होईपर्यंत तो ज्या ज्या होडीत बसला ती धडपणे परत आली. येणारच की! बहुतेक होड्या येतातच. पण एकदा भर वादळात शेळ्यांनी भरलेली होडी त्याला घेऊन सुखरूप आली, एकदा डोलकाठी मोडलेली आली, आणि झालं, लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. डॉक्टरला आणायचंय, मॅकदाराला बोलवा. फादरला पोचवायचंय, मॅकदाराला बोलवा. कुणाची गाभण गाय जत्रेला न्यायची असली तरी मॅकदारा! त्याला सुकाणू धरता येत नव्हतं, शिडाचा दोर कुठला ओढायचा हेही नीट कळत नव्हतं. होडीच्या मध्ये, भारासाठी टाकलेल्या दगडांवर त्याला बसवायचे आणि तो जीव मुठीत धरून, मान खाली घालून बसायचा. कधी कधी ओकायचा. फेस्टी नावाचा एक वात्रट होता, बार्टलीच्या होडीवर दोर सांभाळायचा. तो म्हणायचा, "भार म्हणून दगड आणि नशीब म्हणून मॅकदारा. दोघांनाही होडीतलं काही कळत नाही."

मॅकदाराचं खरं काम जमिनीवरचं. दगडाचे बांध रचणं आणि शेवाळाचं खत टाकून खडकावर बटाटे काढणं. त्यानं रचलेल्या बांधातून वारा शीळ घालत जायचा, पण दगड हलायचा नाही. तिथे तो राजा होता. होडीची हाक आली की राजाचं राज्य संपायचं. पण जायचा. नाही कसं म्हणणार? पलीकडे कुणाची तरी बायको अडलेली असायची, नाहीतर कुणाचा बाप शेवटच्या घटका मोजत असायचा. आणि तो नसेल तर होडी निघायचीच नाही. त्याला खरी भीती कशाची वाटायची, ते त्यानं फक्त बायकोला सांगितलं होतं. एक दिवस ही माणसं माझ्या नावाच्या भरवशावर नको त्या वाऱ्यात निघतील आणि बुडतील, आणि ते पाप माझ्या माथ्यावर बसेल. बायकोचं नाव सोरखा. लाल केसांची, आणि जिभेनंही तशीच. ती म्हणायची, "मग बुड तूही त्यांच्याबरोबर, म्हणजे पाप मोजायला कुणी उरणार नाही." असं बोलायची आणि रात्रभर त्याचा हात सोडायची नाही.

त्यांचं पहिलं बाळ, मुलगाच तो, श्वास घ्यायच्या आत गेलं होतं. पाठोपाठ दोन मुली झाल्या. आणि आता, मॅकदारानं चाळिशी ओलांडल्यावर, पुन्हा मुलगा झाला. बारीक, पण ओरडा असा की कोंबड्या उडाल्या.

बेटाला केवढा आनंद! बार्टली स्वतः घरी आला. हा बार्टली म्हणजे बेटावरचा सगळ्यात जुना नावाडी, मॅकदाराच्या बापाच्या वेळचा, शब्दाला वजन असलेला. पाळण्यात वाकून बघत म्हणाला, "वा रे मॅकदारा दुसरा! तुझा बाप आता थकत चालला, लवकर मोठा हो बरं."

म्हातारी नॅपला चुलीशी बसली होती. ती म्हणाली, "नाव तेच. दुसरं कुठलं असणार?"

सगळे गेल्यावर मॅकदारा सोरखाजवळ बसला आणि म्हणाला, "मी हे नाव याला ठेवणार नाही."

"मग काय ठेवणार?"

"कोलमन."

सोरखा उठूनच बसली. "डोकं ठिकाणावर आहे ना? त्या नावाचं माणूस कुणी होडीत घेईल?"

"तेच तर! कुणी घेणार नाही. संतापुढे ज्यानं शीड उतरवलं नाही त्याचं नाव. धक्क्यावरसुद्धा उभं करणार नाहीत त्याला. राहील जमिनीवर, रचील बांध, काढील बटाटे." त्यानं पाळणा हलवला. "मला कुणी विचारलं नाही गं. आईनं मला वाचवायला नाव ठेवलं, आणि त्या नावानंच मला रोज समुद्रात ढकललं. हा तरी सुटू दे."

सोरखानं बाळाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "आईंना आत्ता सांगू नकोस. बार्टलीला तर मुळीच नको, तो होडीच काढणार नाही. फादरसमोर सांग. एकदा बाप्तिस्मा झाला की कुणाचा बापही नाव बदलू शकत नाही."

बाप्तिस्म्याला जायचं ते पाण्यापलीकडे कार्नाच्या चर्चमध्ये, आणि बाळंतीण जात नाही. तिला फादरचा आशीर्वाद मिळेपर्यंत तिनं उंबरा ओलांडायचा नाही, अशी आमची रीत. तेव्हा होडीत होते चौघे आणि बाळ. सुकाणूवर बार्टली, दोरावर फेस्टी, जो धर्मपिता व्हायचा होता, सोरखाची बहीण पेग, जी धर्ममाता, आणि दगडांवर मॅकदारा. बाळाला त्यानं लोकरी सदऱ्याच्या आत, छातीशी धरलं होतं. सकाळी वारा बरा होता. अर्ध्या वाटेत तो फिरला, नैर्ऋत्येकडून भरून आलं आणि लाटांवर पांढरे तुरे दिसायला लागले.

"परत फिरायचं का?" पेगनं विचारलं.

"मॅकदारा आहे की होडीत," बार्टली म्हणाला. "दोन आहेत आता."

मॅकदारानं डोळे मिटले. हेच, हेच ते. त्याला ओरडावंसं वाटलं, की अरे माझ्या भरवशावर जाऊ नका, माझ्या हातात काही नाही! पण आता मागे फिरणंही पुढे जाण्याइतकंच वाईट होतं. छातीशी बाळ झोपलं होतं, त्याचा श्वास गरम लागत होता.

संताचं बेट आलं. डावीकडे खडक, त्यांच्यावर लाटा फुटून उंच उडत होत्या. बार्टलीनं टोपी काढली. "फेस्टी, घे खाली."

पहिल्यांदा शीड खाली आलं, वर गेलं. होडी जरा रेंगाळली आणि पुन्हा चालायला लागली. दुसऱ्यांदा खाली आलं, आणि वर जाईना. फेस्टीनं दोर ओढला. दोन्ही पाय टेकवून ओढला. वर डोलकाठीच्या टोकाला दोर कप्पीत अडकला होता. शीड अर्धवट लोंबत, ओल्या चादरीसारखं फडफडत राहिलं. होडीचा जोर गेला आणि ती आडवी व्हायला लागली.

"ओढ!" बार्टली ओरडला.

"येत नाहीये!"

"अरे ओढ म्हणतोय ना!"

लाट कुशीवर आदळली. पाणी आत आलं, दगड हलले, आणि मॅकदारा बसल्या जागेवरून घसरला. खडक जवळ येत होते. बार्टलीनं सुकाणू सोडून एक वल्हं घेतलं आणि खडकाकडचं पाणी मारायला लागला. म्हातारा माणूस, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. फेस्टी दातात सुरी धरून डोलकाठीवर चढत होता. एरवी सगळ्यांना हसवणारं ते तोंड राखेसारखं झालं होतं.

"मॅकदारा!" बार्टली ओरडला. "बोल काहीतरी! तुझा संत आहे हा, हाक मार त्याला!"

मॅकदारानं बाळाला सदऱ्याआड आणखी घट्ट धरलं.

तेवढ्यात पेगनं त्याचा दंड धरला. तिचे डोळे मोठे झाले होते. "बाप्तिस्मा दे त्याला! आत्ता! वेळ पडली तर कुणीही देऊ शकतं. पाणी घाल आणि नाव घे, मॅकदारा. तसाच गेला तर कुठे पुरशील त्याला?"

कुठे, ते दोघांनाही माहीत होतं. इनिश क्रोनच्या उत्तर टोकाला, गावाच्या कुंपणाबाहेर. बिनबाप्तिस्म्याची बाळं तिथे पुरतात. वर एक धोंडा, नाव नाही, क्रूस नाही. सोरखाचं पहिलं बाळ तिथेच होतं. मॅकदारानंच ते संध्याकाळी, एकट्यानं, खोक्यात घालून नेलं होतं. त्या बाळाला हाक मारायलाही काही नव्हतं.

पाणी तर घोट्याशीच होतं. त्यानं एका हातानं बाळाला बाहेर काढलं. वारा लागताच ते किंचाळलं. पेगनं खालून हात लावला. मॅकदारानं दुसऱ्या हाताच्या खळग्यात पाणी घेतलं, आणि तिथे थांबला.

हे नाव एकदाच ठेवता येतं. आत्ता जे म्हणेन ते कायमचं. सगळे कान त्याच्याकडे होते. मॅकदारा म्हटलं असतं तर पेगला धीर आला असता, म्हाताऱ्याच्या हातात बळ आलं असतं. दुसरं नाव, इथे, या खडकांसमोर, जिथे तो माणूस बुडाला तिथेच? त्यानंच होडी बुडाली तर? मॅकदाराला स्वतःचीच खात्री वाटेना, की आपण हे सगळं खरंच मानत नाही. आणि मानत नसू, तर मग नाव घ्यायला जीभ का जड होतेय?

पुढची लाट येताना दिसली. बाळाचं डोकं त्याच्या तळहातात मावत होतं. वाचलंच हे पोर, तर पंचवीस वर्षांनी असंच या दगडांवर बसलेलं असेल, ओकत, मान खाली घालून. बाकीचे म्हणत असतील, मॅकदारा आहे की होडीत.

"पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं," त्यानं पाणी ओतलं, एकदा, दोनदा, तीनदा, "कोलमन, मी तुला बाप्तिस्मा देतो."

पेगनं झटका बसल्यासारखा हात मागे घेतला. बार्टलीचं वल्हं हवेतच राहिलं.

"काय म्हणालास?"

"ऐकलंत ते."

"इथे? अरे कर्मदरिद्र्या, इथे?"

लाट आदळली. होडी कलली, इतकी कलली की मॅकदाराला सरळ खाली हिरवं पाणी दिसलं. त्यानं बाळाला छातीत कोंबलं आणि स्वतः दगडांना पाय अडकवले. आता संपलं, असं त्याला स्पष्ट वाटलं. आणि त्याच क्षणी वरून फेस्टीची आरोळी आली, "सुटला! ओढा!" बार्टलीनं वल्हं टाकलं, दोरावर झेप घेतली. पेगही उठली आणि लटकली. शीड धाडकन वर गेलं, वारा भरला, आणि होडी खडकाच्या काळ्या दातांपासून वल्ह्याच्या लांबीएवढ्या अंतरावरून निघाली.

खडक मागे पडले. मग बार्टली सुकाणूवरून म्हणाला, "तिसरा मुजरा राहिला."

"तुम्ही या इकडे आणि घ्या!" फेस्टी ओरडला. हात रक्ताळले होते त्याचे. "मी आता हा दोर सोडत नाही, संत आला तरी नाही!"

तिसऱ्यांदा शीड उतरलं नाही.

कार्नाला फादरनी उरलेले विधी उरकले. तेल लावलं, मीठ चाटवलं, आणि नाव ऐकून एवढंच म्हणाले, "छान नाव आहे. कबुतर असा अर्थ आहे त्याचा." मॅकदाराला हसावं की रडावं कळेना. चाळीस वर्षं ज्याला सगळे घाबरले, त्याचा अर्थ कबुतर!

चर्चमधून कार्नाच्या धक्क्यावर परत आले तेव्हा बार्टली होडीच्या पुढे, वाट अडवून उभा होता.

"तू चल," तो म्हणाला. "ते पोर नाही."

"बार्टली, ते तान्हं आहे. त्याची आई पलीकडे आहे."

"तुझ्या बापाबरोबर गेलेल्या दोघांतला एक माझा सख्खा भाऊ होता. विसरलास? दोन मुजऱ्यांवर आलोय, वर हे नाव. या नावाचं माणूस माझ्या होडीत पाय ठेवणार नाही. आज नाही, कधीच नाही."

मॅकदाराला हवं होतं ते नेमकं हेच. शब्दन् शब्द. फक्त हे आजच, आत्ताच, दूध पिणारं पोर हातात असताना होईल, हे काही त्या बिचाऱ्याच्या डोक्यात आलं नव्हतं. कर म्हणावं शहाणपणा!

"मग मीही येत नाही," तो म्हणाला.

फेस्टीचा चेहरा पडला. "मॅकदारा, आम्ही तुझ्याशिवाय जायचं? या वाऱ्यात?"

"वारा पडलाय. आणि मी कधी काय केलं रे होडीत? दगड आहेत की भाराला."

बार्टलीनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या नजरेत राग होता, आणि रागाखाली भीती होती, ती मॅकदाराला चांगलीच ओळखीची होती. मग म्हातारा होडीत उतरला. पेगची घरी लहान लेकरं होती, तीही रडत रडत गेली.

धक्क्याशेजारच्या घरात एक बाई होती, अंगावर पिणारं पोर असलेली. तिनं बाळाला घेतलं आणि काही विचारलं नाही. मॅकदारा बाहेर उभा राहिला. शीड भूशिराआड जाईपर्यंत बघत राहिला, आणि मग नुसतं पाणी बघत राहिला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा बार्टलीची होडी त्याच्याशिवाय त्या वाटेनं चालली होती. ती बुडाली तर लोक म्हणतील, बघा, मॅकदारा नव्हता. आणि तो स्वतः काय म्हणेल? त्याच्या लक्षात आलं, आपले ओठ हलताहेत. पोचू दे रे बाबा यांना, तो म्हणत होता. माझ्याशिवाय पोचू दे. त्या रात्री त्याला झोप लागली नाही, दुसऱ्या दिवशी उजाडताच तो पुन्हा धक्क्यावर येऊन बसला.

दुपार कलताना शीड दिसलं. बार्टलीचंच, गडद तपकिरी, वर ठिगळ. मॅकदारा धावत धक्क्याच्या टोकाला गेला. होडीत बार्टली होता, फेस्टी होता, आणि मध्ये दगडांवर, डोक्याला रुमाल नाही, लाल केस उडताहेत, अशी सोरखा बसली होती.

"कुठे आहे?" तिनं होडी टेकायच्या आतच विचारलं. छातीवर दुधाचे डाग पडून झगा ओला झाला होता. बाईनं बाळ आणून दिलं, आणि सोरखा तिथेच मासळीच्या टोपल्यांवर बसून त्याला पाजायला लागली. पाजताना रडत होती, आणि रडताना शिव्या देत होती, मॅकदाराला, बार्टलीला आणि संतालाही.

फेस्टी मॅकदाराच्या कानाशी लागला. "ती म्हणाली, होडी काढा नाहीतर मी लहान होडकं घेऊन एकटी वल्हवत जाते. नॅपला दारात आडवी उभी होती. तिला म्हणाली, आई, नाव काहीही असो, भूक लागली असेल त्याला. म्हातारी बाजूला झाली बघ."

बार्टली होडी बांधत होता. गाठ मारून झाली तरी तो वाकलेलाच राहिला.

"काल एक मुजरा राहिला, मग तुझ्याशिवाय गेलो," तो खाली बघत म्हणाला. "आज तुझ्याशिवाय आलो. आशीर्वाद न घेतलेली बाळंतीण घेऊन, तीही लाल केसांची, म्हणजे दुहेरी अपशकुन. काही झालं नाही."

"बरं झालं," मॅकदारा म्हणाला.

"बरं काय झालं!" म्हातारा एकदम भडकला. "मग इतकी वर्षं तुला ओढत का नेलं आम्ही? दर वेळी बघायचो तुझं तोंड, भीतीनं पांढरं झालेलं. मला काय दिसत नव्हतं? वाटायचं, घाबरला तर घाबरू दे, पण पोरं परत येतील. आणि इकडे..." त्यानं टोपीनं तोंड पुसलं. "माझा भाऊ शिडामुळे गेला नाही तर मग. नुसताच गेला."

मॅकदारा म्हाताऱ्याशेजारी उभा राहिला. त्याच्या खांद्यावरून काहीतरी उतरलं होतं, इतकं जुनं ओझं की ते उतरल्यावर चालावं कसं हेच कळेना. आता कुणी दाराशी येणार नव्हतं. तो सुटला होता.

बार्टली सोरखाजवळ गेला, वाकला. बाळ दूध पिऊन सुस्तावलं होतं. म्हाताऱ्यानं आपलं जाड बोट पुढे केलं, बाळानं ते पकडलं.

"काय पकड आहे!" तो म्हणाला. मग मॅकदाराकडे वळून हळूच म्हणाला, "तुला कुणी सांगितलं नसेल. या किनाऱ्यावर कोलमनसारखा सुकाणूचा हात मी पुन्हा पाहिला नाही. त्यानंच शिकवलं मला. नाव काढायची चोरी, मग हे सांगणार कुणाला?" त्यानं बाळाचा हात हलवला. "चल कोलमन. जरा मोठा हो, मी शिकवतो तुला. तुझ्या आज्याचं तुला देतो."

मॅकदाराला आता कळलं. संताचं नाव होडी तारत नाही, तर बुडालेल्याचं नाव तिला बुडवतही नाही. त्यानं पोराला जमिनीवर ठेवायला जी भिंत रचली होती, तिचा दगडन् दगड एका दिवसात निघाला होता. हे पोर जाणार. आमच्या किनाऱ्यावरची सगळीच जातात, तसं जाणार, आणि याला घ्यायला कुठलीच होडी नाही म्हणणार नव्हती.

सोरखानं त्याच्याकडे पाहिलं. तिलाही कळलं होतं. तिनं बाळाला जरा घट्ट धरलं.

"बार्टली," मॅकदारा म्हणाला, "आधी मला शिकवा."

"काय?"

"सुकाणू. दोर. सगळं."

"या वयात? अरे, तू होडीत ओकतोस!"

"ओकीन. पण हा जाईल तेव्हा मी त्याच्याबरोबर दगडासारखा बसणार नाही."

सोरखा आणि बाळ होडीत बसले. बार्टलीनं दोर सोडला, मागे जाऊन आपल्या जागी बसला, आणि जरा सरकला. मॅकदारा त्याच्याशेजारी येऊन बसला. म्हाताऱ्यानं त्याचा उजवा हात ओढून सुकाणूच्या दांड्यावर ठेवला आणि वरून आपला दाबला.

"घट्ट नको धरूस," बार्टली म्हणाला. "आणि खाली नको बघूस. पुढे बघ."